विश्लेषण : सत्तरच्या दशकातील रॉक आणि फंक कसे ऐकावे? त्या ठेक्याचे पैसे कोणाला मिळाले?

गिटारसाठी क्लासिक रॉक ऐकायचे आणि नाचण्यासाठी फंक, अशी सोयीची वाटणी अनेकांच्या मनात असते. सत्तरच्या दशकातील ध्वनिमुद्रणे नीट ऐकली तर ही वाटणी टिकत नाही. लेड झेपलिन, क्वीन, एरोस्मिथ हे रॉकचे समूह आणि जेम्स ब्राऊन, स्ली स्टोन, जॉर्ज क्लिंटन ही फंकची मंडळी एकाच घरातली. ब्लूज आणि रिदम अँड ब्लूज हे त्या घराचे नाव. घर एक असूनही रेडिओने त्यांच्यात भिंत घातली आणि कॉपीराइट कायद्याने हिस्से पाडले. त्या हिश्श्यांत गाण्याचा ठेका रचणाऱ्यांच्या हाती काय पडले, हे कळल्यावर तीच गाणी वेगळी ऐकू येतात.

आधी इअरफोन लावा...

हा मजकूर तुम्ही बहुधा मोबाइलवर वाचत असाल आणि गाणीही त्यावरच ऐकाल. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. बेस गिटारची सर्वांत खालची तार छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलमधील नखाएवढा स्पीकर इतका खर्ज उमटवू शकत नाही. गायक ऐकू येतो, गिटार ऐकू येते, झांजा ऐकू येतात, पण गाण्याचा पायाच गायब होतो. डग्गा बाजूला ठेवून नुसता तबला ऐकावा, तसा हा प्रकार. ‘जुन्या इंग्रजी गाण्यांत काय आहे एवढे?’ असे विचारणाऱ्या निम्म्या लोकांनी ती गाणी डग्ग्याविना ऐकलेली असतात.

साधा इअरफोनही पुरतो. पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे आणि गिटारच्या एकल वादनाकडे चक्क दुर्लक्ष करावे. बेस आणि ड्रम यांचे आपसात काय चालले आहे, तेवढेच ऐकावे. आणखी एक गोष्ट कानात ठेवावी. आज बहुतेक गाणी संगणकाच्या टिकटिकीवर मुद्रित होतात, त्यामुळे पहिल्या सेकंदाची लय शेवटपर्यंत केसभरही हलत नाही. सत्तरच्या दशकात बहुतांश वादक एका खोलीत, एकमेकांकडे पाहत वाजवत. गाणे रंगात आले की लय किंचित चढे, गायकाने श्वास घेतला की किंचित सैल होई. आज हे दोष म्हणून दुरुस्त केले जातात. त्या काळच्या गाण्यांचा जिवंतपणा बराचसा या ‘दोषां’तच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘द वन’ म्हणजे आपली समच का?

जवळपास तेच, पण थोडा फरक आहे. या संगीतातील बहुतेक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात चालतात. रॉक अँड रोलमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा सणसणीत फटका बसतो. श्रोते टाळ्या वाजवतात त्याही तिथेच. साठच्या दशकाच्या मध्यावर जेम्स ब्राऊनने गाण्याचे वजन पहिल्या मात्रेवर आणले. वादकांना तो सांगे की मध्ये काय वाटेल ते वाजवा, पण ‘द वन’ चुकता कामा नये.

आपल्या मैफलीत गायक दूरवर भटकून येतो आणि सभागृह समेची वाट पाहते. फंकमध्ये सम दर दोन-सव्वादोन सेकंदांनी येते. तिथे सगळे एकदम आदळतात आणि लगेच पांगतात. पांगल्यावर जे घडते ते म्हणजे फंक. प्रत्येक मात्रेचे चार तुकडे करायचे, म्हणजे आवर्तनात सोळा जागा होतात. ड्रमर त्यातल्या काही घेतो, बेस गिटारवाला ड्रमरने सोडलेल्या जागा हेरतो. गिटारवादक तारा अर्धवट दाबून कोंबडीने माती उकरावी तसा खरखर आवाज काढतो, त्याला नावही तसेच आहे, ‘चिकन स्क्रॅच’. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरावट गात बसत नाहीत, मध्येच एक ठोसा देऊन गप्प होतात. प्रत्येक वाद्य ढोलासारखे वापरले जाते. ढोलकी आणि तुणतुण्यावर वाढलेल्या कानाला हे परके वाटण्याचे कारण नाही. एका स्वरावर अडून बसलेले तुणतुणे लावणीला जे देते, ते फंकमध्ये गिटार देते.

तीन मिनिटांत हे सारे समजून घ्यायचे असेल तर न्यू ऑर्लिन्सच्या ‘द मीटर्स’ या चौघांचे १९६९ मधील ‘सिसी स्ट्रट’ ऐकावे. त्यात गायनच नाही, त्यामुळे लक्ष विचलित होण्याचा प्रश्न नाही. चौघांपैकी कोणी केव्हा थांबतो, याकडे कान द्यावा.

बेस गिटारवर अंगठ्याने तार ठोकण्याची आणि बोटाने खेचण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. तिचा जनक लॅरी ग्रॅहम आईसोबत क्लबमध्ये वाजवत असे. साथीला ड्रमर नव्हता, म्हणून त्याने ड्रमचे दोन आवाज बेसवरच काढायला सुरुवात केली. पुढे तो स्ली अँड द फॅमिली स्टोनमध्ये गेला आणि १९६९ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या ‘थँक यू’ या गाण्यातून ही पद्धत जगभर पोहोचली. या समूहात गोरे आणि कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि पुरुष एकत्र वाजवत होते. त्या वेळच्या अमेरिकेत हे धाडस होते.

मार्च १९७० मध्ये काय घडले?

जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना शिस्तीत ठेवे. सूर चुकला, बुटाला पॉलिश नसले तरी दंड. मानधन आणि वागणुकीला कंटाळून मार्च १९७० मध्ये त्याच्या बहुतेक वादकांनी कार्यक्रमाच्या तोंडावरच काम करण्यास नकार दिला. ब्राऊनने खासगी जेट विमान पाठवून सिनसिनाटीतील काही पोरसवदा वादकांना जॉर्जियात आणवले. त्यात बेस गिटारवादक बूट्सी कॉलिन्स होता, वय १८. गिटारवर त्याचा थोरला भाऊ कॅटफिश. काही आठवड्यांतच या मुलांना घेऊन ब्राऊनने ‘सेक्स मशीन’ मुद्रित केले. फंकचा पुढचा सगळा इतिहास या संपातून निघाला असे म्हटले तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. वर्षभरात ब्राऊनला सोडून बूट्सी पुढे जॉर्ज क्लिंटनकडे गेला आणि ‘द वन’ची शिकवणही सोबत घेऊन गेला.

मात्र या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे गाणे वेगळेच आहे. त्याच सुमारास बाजारात आलेले ‘फंकी ड्रमर’. ते २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत मुद्रित झाले होते. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. गाणे बरेच पुढे गेल्यावर ब्राऊन इतरांना थांबवतो आणि ड्रमर एकटा उरतो. तो कुठलीही करामत करत नाही. आधीचाच ठेका आठ आवर्तने वाजवतो, जेमतेम वीस सेकंद. स्नेअरवर मोठ्या फटक्यांच्या मध्ये अगदी हलके, ऐकू येतील न येतील असे स्पर्श आहेत. त्यांना ‘घोस्ट नोट्स’ म्हणतात. ते काढून टाकले तर ठेका बरोबर राहील, पण चालणार नाही.

१९८६ मध्ये हे गाणे एका संकलनात पुन्हा प्रकाशित झाले. नेमक्या त्याच काळात ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजवणारी सॅम्पलर यंत्रे रॅप संगीतकारांच्या हाती पडत होती. पब्लिक एनिमीचे ‘फाइट द पॉवर’ (१९८९), एलएल कूल जेचे ‘मामा सेड नॉक यू आउट’ (१९९०) आणि अशी शेकडो गाणी त्या वीस सेकंदांवर उभी राहिली. जगातील सर्वाधिक उचललेल्या तुकड्यांत त्याची गणना होते.

गाण्याचा रचनाकार म्हणून नाव होते जेम्स ब्राऊनचे. स्टबलफील्ड पगारी वादक. पुढची अनेक वर्षे तो विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात राहिला, स्थानिक क्लबमध्ये वाजवत राहिला. त्याच्या हातचा ठेका जगभर वाजत होता आणि त्यातून त्याच्या पदरी जवळपास काहीच पडत नव्हते. मूत्राशयाच्या कर्करोगात उपचारांचे बिल झाले, ते प्रिन्स या गायकाने गाजावाजा न करता भरले. २०१६ मध्ये प्रिन्सच्या मृत्यूनंतरच स्टबलफील्डने ही गोष्ट उघड केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याचे निधन झाले.

आणि दुसरा ड्रमर?

त्याच दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमधील हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत लेड झेपलिन आपल्या चौथ्या अल्बमचे काम करत होते. जॉन बोनमचा ड्रमसंच जिन्याखालच्या उंच दिवाणखान्यात मांडला गेला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने ड्रमजवळ मायक्रोफोन लावलेच नाहीत. दोन मायक्रोफोन वर जिन्यावरून लोंबकळत सोडले. जे मुद्रित झाले त्यात ड्रम जेवढा आहे, तेवढेच घर आहे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ची सुरुवात ऐका. पायाने वाजवायचा मोठा ड्रम हवेतून, भिंतींवरून फिरून आपल्याकडे येतो. रॉकमधला सर्वांत वजनदार ठेका कोणता, यावर वाद घालणारे बहुतेकदा इथेच येऊन थांबतात. आणि तो संथ आहे. बोनम जोरात वाजवतो म्हणून प्रसिद्ध, पण त्याचे खरे कसब उशिरा वाजवण्यात आहे. फटका अपेक्षित क्षणाच्या केसभर मागे पडतो आणि गाणे आणखी जड होते. हे त्याने अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतातून उचलले होते. जेम्स ब्राऊनच्या ड्रमरांचा तो चाहता होता.

हे गाणे मुळात १९२९ मधले, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या ब्लूज गाणाऱ्या जोडप्याचे. विषय १९२७ चा मिसिसिपी नदीचा महापूर. त्या पुरात लाखो लोक बेघर झाले, त्यांत कृष्णवर्णीय शेतमजूर मोठ्या संख्येने होते. झेपलिनच्या १९७१ च्या अल्बमवर रचनाकारांत समूहातील चौघे आणि मेम्फिस मिनी अशी नावे आहेत. मूळ गाणे ज्याने गायले त्या जो मॅकॉयचे नाव नाही.

आता नावांकडे पुन्हा पाहा. चौघांत ड्रमर बोनमही आहे. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजने त्याचा हा ठेका उचलला, नंतर इतर अनेकांनी. दोन ड्रमर, दोन ठेके, दोन्ही जगभर कापले-चिकटवले गेले. एकाचे नाव रचनाकारांत होते, कारण तो समूहाचा भागीदार होता. दुसऱ्याचे नव्हते, कारण तो नोकर होता. वाजवण्याच्या दर्जाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

झेपलिनबद्दल बोलताना हेही सांगायला हवे की नावे द्यायला ते दर वेळी इतके तत्पर नव्हते. १९६९ च्या ‘होल लॉट लव्ह’मध्ये विली डिक्सनच्या, मडी वॉटर्सने गायलेल्या गाण्याचा अंश असल्याचा दावा १९८५ मध्ये दाखल झाला आणि १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. त्यानंतर डिक्सनचे नाव गाण्यावर आले.

देवाणघेवाण फक्त चोरीचीच होती का?

तसे मुळीच नाही. १९७२ मध्ये स्टीव्ही वंडरच्या ‘सुपरस्टिशन’चा जन्म कसा झाला ते पाहा. इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेक स्टुडिओत आला होता. तो ड्रमवर बसून एक ठेका वाजवत होता, वंडरला तो आवडला आणि त्यावर गाणे बांधायला त्याने सुरुवात केली. अंतिम मुद्रणात ड्रम वंडरने स्वतः वाजवले, बेसचा भाग सिंथेसायझरवर काढला आणि क्लॅव्हिनेट या कळफलकाच्या वाद्याचे अनेक थर एकावर एक चढवले. गिटारसारखा जो तुटक, कुरकुरीत आवाज येतो तो क्लॅव्हिनेटचा आहे. त्याच वर्षी वंडर रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर गात होता. गोऱ्या रॉक श्रोत्यांनी त्याला तिथे नव्याने ऐकले.

एरोस्मिथच्या ‘वॉक धिस वे’ची (१९७५) गिटारची धून मीटर्सच्या संगीतावरून सुचली, हे गिटारवादक जो पेरीने मोकळेपणी सांगितले आहे. डेव्हिड बोवीचे ‘फेम’ (१९७५) कार्लोस अलोमार या गिटारवादकाच्या धुनेवर उभे आहे. गंमत म्हणजे नंतर जेम्स ब्राऊनच्याच एका गाण्यात हुबेहूब ‘फेम’ची चाल आली. गुरूने शिष्याची नक्कल केली. झेपलिनने १९७३ मध्ये ब्राऊनला वंदन म्हणून ‘द क्रंज’ केले, पण त्याच्या मात्रा अशा विषम ठेवल्या की त्यावर नाचणे अशक्य. विनोद म्हणून ते एकदा ऐकावे.

उलट दिशेने जॉर्ज क्लिंटन आला. फंकाडेलिकच्या १९७१ च्या ‘मॅगट ब्रेन’मध्ये एडी हेझलचे दहा मिनिटांचे गिटारवादन आहे, हेंड्रिक्सच्या परंपरेतले आणि अतिशय दुःखी. त्यात नाचण्यासारखे काही नाही. १९७८ च्या ‘वन नेशन अंडर अ ग्रूव्ह’ या अल्बममध्ये तर एका गाण्याचे शीर्षकच असा प्रश्न आहे, की फंकवाले रॉक वाजवू शकत नाहीत असे म्हणतो कोण?

हा प्रश्न विचारावा का लागला?

कारण तोवर भिंत पक्की झाली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी एफएम केंद्रांवर निवेदक आपल्या आवडीने काहीही वाजवत. दशक सरता सरता जाहिरातदारांना ठरावीक श्रोते हवे झाले आणि ‘अल्बम रॉक’ हा साचा आला. त्यात गिटारवाले गोरे समूह बसत, कृष्णवर्णीय जवळपास नाहीत. आज ज्याला आपण ‘क्लासिक रॉक’ म्हणतो, ती यादी मोठ्या प्रमाणावर या साच्यातून गाळून आलेली आहे. यादीत हेंड्रिक्स असतो, फंकाडेलिक नसते. ऑनलाइन अ‍ॅपवर ‘क्लासिक रॉक’ असे टाइप केले तरी बहुधा हेच अनुभवास येईल.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात या दुराव्याचे ओंगळ रूप दिसले. डिस्कोची तबकडी घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना होती. दोन सामन्यांच्या मध्ये स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने तबकड्यांनी भरलेली पेटी मैदानात स्फोट करून उडवली. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना खेळता आला नाही आणि यजमान संघाला तो गमवावा लागला. तेव्हा मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा आणि पुढे हाऊस संगीताच्या प्रारंभीच्या मंडळींत गणला गेलेला व्हिन्स लॉरेन्स सांगतो की लोकांनी आणलेल्या अनेक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या नुसत्याच कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या.

पाचगणीचा या गोष्टीशी काय संबंध?

त्याच उन्हाळ्यात शिक या समूहाचे ‘गुड टाइम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गिटारवर नाइल रॉजर्स, बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स. डिस्को म्हणून विकले गेले तरी त्याची हाडे फंकची. एडवर्ड्सचा बेस तीन वेळा एकाच स्वरावर ठोके देतो आणि मग जिना चढावा तसा वर सरकतो. शिकच्या स्टुडिओत तेव्हा क्वीनचा बेस गिटारवादक जॉन डीकन येऊन बसत असे. पुढच्या वर्षी त्याने ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ लिहिले. सुरुवातीचे तीन ठोके ऐका, उगम कळतो. हे गाणे ऑक्टोबर १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या केंद्रांवरही वाजले.

ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारूख बलसारा. तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या समूहात तो पियानो वाजवत असे.

मुंबईचे धागे आणखी आहेत. झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले. विजय राघव राव यांच्या साथीने इथल्या वादकांसोबत त्यांनी आपली ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी पुन्हा मुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकायला २०१५ उजाडावे लागले. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली न्यू यॉर्कला गेल्या. त्यांचे १९७६ चे ‘स्पेस टॉक’ दोन दशकांनी रॅप संगीतकारांनी उचलले. आशा भोसले यांनी गायलेली, कल्याणजी-आनंदजी यांची ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) मधील दोन गाणी ब्लॅक आइड पीजच्या २००५ च्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये आहेत आणि त्याला ग्रॅमी मिळाले. ‘डॉन’मधील ते गाणे इअरफोनवर, बेसकडे लक्ष देऊन पुन्हा ऐका. तो बेस वाजवणारा कोण, हे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सापडत नाही. आपल्याकडेही स्टुडिओतील वादकांना दिवसाचे पैसे मिळत, नाव क्वचितच.

बेसला पैसे आणि ड्रमला नाही, असे का?

‘गुड टाइम्स’चाच पुढचा अध्याय पाहू. सप्टेंबर १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ आले. त्याखाली ‘गुड टाइम्स’चाच बेस, नव्याने वाजवून घेतलेला. रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि रचनाकार म्हणून दोघांची नावे लागली. बेसच्या ओळीत स्वर असतात, ती कागदावर चाल म्हणून लिहिता येते आणि त्या दोघांची नावे मूळ गाण्यावर होतीच. कॉपीराइट कायद्याला हे कळते.

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, तो बहुधा कंपनीकडे. ड्रमचा ठेका पहिल्यात सहसा मोजला जात नाही आणि दुसऱ्याचा मालक ड्रमर नसतो. स्टबलफील्ड बरोबर या दोहोंच्या मधल्या फटीत पडला. त्यात भर म्हणजे अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले तेच मुळी १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या मुद्रणांना. दुसऱ्याच्या मुद्रणाचा तुकडा वापरण्यापूर्वी परवानगी घ्यायची, हे डिसेंबर १९९१ मधील न्यायालयाच्या एका निकालानंतर पक्के झाले. तोवर ‘फंकी ड्रमर’ मनसोक्त लुटले गेले होते. परवानगीची पद्धत आल्यानंतरही पैसे गेले ते हक्कधारकांकडे.

ठेक्याला किंवा गाण्याच्या एकूण चालण्याला मोल द्यायचे तर सीमा कुठे आखायची, हाही प्रश्न सोपा नाही. मार्विन गे याच्या १९७७ च्या ‘गॉट टू गिव्ह इट अप’ची छाया ‘ब्लर्ड लाइन्स’वर असल्याचा निकाल २०१५ मध्ये ज्युरींनी दिला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि गे कुटुंबाला सुमारे ५३ लाख डॉलर मंजूर झाले. दोन्ही गाण्यांची चाल वेगळी आहे, सारखा आहे तो माहोल, असे म्हणत अनेक संगीतकारांनी या निकालावर टीका केली. उद्या कोणी ब्लूजच्या धाटणीत गाणे केले तरी खटला होईल का, ही त्यांची भीती. त्याच अपील न्यायालयाने मार्च २०२० मध्ये झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’विरुद्धचा दावा फेटाळताना संगीताचे सामान्य घटक कोणाची मालमत्ता नसतात, या बाजूने कौल दिला. टीकाकारांचे म्हणणे रास्त आहे. ठेका सर्वांचा असलाच पाहिजे, नाही तर फंक जन्मालाच आले नसते. पण ठेका वाजवणाऱ्याच्या हातचे ते वीस सेकंद, तेच मुद्रण, तोच स्नेअरचा आवाज हा सर्वांचा नव्हे. गे कुटुंबाला माहोलाचेही पैसे मिळाले आणि स्टबलफील्डला प्रत्यक्ष तुकड्याचेही नाहीत, ही विसंगती कायद्याच्या कुठल्याही व्याख्येने झाकली जात नाही.

सुरुवात कुठून करावी?

‘सर्वोत्तम शंभर’ अशा याद्या टाळाव्यात आणि अख्खे अल्बम ऐकावेत. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटे मावत, त्या हिशेबानेच गाण्यांचा क्रम लावलेला असे. स्टीव्ही वंडरचा ‘टॉकिंग बुक’ (१९७२) नवख्यासाठी सर्वांत सोपा. त्यानंतर स्ली स्टोनचा ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ (१९७१) ऐकावा. तो मळकट, थकलेला, पहिल्या ऐकण्यात बहुधा आवडणार नाही. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या चार लाखांच्या जमावाला नाचवणारा माणूस दोनच वर्षांत ताल देणाऱ्या यंत्रासोबत खोलीत एकटा बसून असे का गातो, हा विचार मनात ठेवून तो पुन्हा लावावा. स्लीचे निधन जून २०२५ मध्ये झाले. झेपलिनचा १९७५ चा ‘फिजिकल ग्राफिटी’ दोन तबकड्यांचा आणि लांब आहे. त्यातले ‘ट्रॅम्पल्ड अंडर फूट’ आधी ऐकावे. तिथे जॉन पॉल जोन्सचे क्लॅव्हिनेट थेट ‘सुपरस्टिशन’च्या शेजारी जाऊन बसते.

‘फंकी ड्रमर’ ऐकताना मात्र घाई करू नये. संपूर्ण आवृत्ती नऊ मिनिटांहून अधिक लांबीची आहे आणि तो एकट्या ड्रमचा भाग पाच मिनिटे उलटून गेल्यावर येतो. त्याआधी ब्राऊन आपल्या वादकांना, ड्रमर एकटा वाजवेल तेव्हा मध्ये पडू नका, असे बजावताना ऐकू येतो.